मिहिकाची कोच

कोचला मी कधी स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही. सामना सुरू झाला की तिची खुर्ची रिकामी. ती कोर्टाच्या कडेने येरझाऱ्या घालायची, पेनाचं टोपण चावत. माझ्या लेकीला, मिहिकाला, आपल्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात घ्यायचं म्हणून ती पहिल्यांदा डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावी आमच्या घरी आली, तेव्हाही मी वाढलेलं थालीपीठ तिने ओट्याशी उभ्यानेच खाल्लं. "काकू, बसलं की माझा डोकं बंद पडतो," म्हणाली. जन्म अमेरिकेतला, श्रूजबरीचा, त्यामुळे मराठी असंच. शब्दांची लिंगं चुकायची, पण बोलणं अडायचं नाही.

आईवडिलांनी तिला डॉक्टर करायचं ठरवलं होतं. ती मात्र असिस्टंट कोच म्हणून या राज्यातून त्या राज्यात फिरत राहिली. खेळाडूंचे युनिफॉर्म धुतले, बर्फातून व्हॅन चालवली. हेड कोच झाली ती मिशिगनमधल्या या लहानशा कॉलेजात, सतत हरणाऱ्या मुलींच्या संघाची. "आई फोनवर विचारते, हे अजून किती दिवस? मी सांगते, फक्त नेक्स्ट सीझन," असं सांगून ती स्वतःच हसायची. हसता हसता नजर घड्याळाकडे.

तिची एक तऱ्हा होती. ती रागवायची जिंकल्यावर. हरल्यावर मुलींना पोटभर रडू द्यायची आणि मग विचारायची, "ओके, भूक कोणाला लागलीय?" मी एकदा कारण विचारलं. म्हणाली, "हरलेल्या मुलीला काय सांगायचं, काकू? तिला सगळं माहीत असतं."

मिहिकाच्या शेवटच्या वर्षी कॉलेजने कोचला बजावलं, यंदा फायनल गाठली नाही तर करार वाढवणार नाही. मुलींच्याही कानावर ते आलं होतं. सेमीफायनल संपत आली होती, गुण बरोबरीत होते, आणि मिहिका गुडघ्यावर आपटली. फिजिओने पट्टी बांधली, म्हणाला, "तिला झेपत असेल तर खेळू दे."

"आय ॲम फाइन, कोच!" मिहिका म्हणाली.

कोचने तिला तिथेच त्या पायावर उडी मारायला लावली. मिहिकाने मारली आणि वर हसलीही. मी पाठीमागच्याच रांगेत होते. कोच तिच्या पायाकडे बघतच नव्हती, चेहऱ्याकडे बघत होती.

"नाही. तू बाहेर."

"पण कोच, तुमचा जॉब..."

"तो माझा प्रॉब्लेम आहे."

आम्ही एका बास्केटने हरलो. पुढे तपासणीत कळलं, मिहिकाच्या गुडघ्याचा लिगामेंट अर्धा फाटला होता. आणखी एखादी उडी आणि तो पुरता गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. कोचला काढल्याची बातमीही त्याच आठवड्यात आली.

मी कुबड्यांसकट मिहिकाला गाडीत घातलं आणि कोचच्या अपार्टमेंटवर गेले. ती गाडीत सामान भरत होती. मिहिकाला रडू फुटलं. "तुम्ही मला खेळवायला हवं होतं."

"आणि जिंकलो असतो, तर तुझा गुडघा मला जन्मभर दिसत राहिला असता," कोच म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पण हात थांबले नव्हते. ती खोकी इकडची तिकडे सरकवत होती.

"आता कुठे जाणार गं?" मी विचारलं.

"माहीत नाही, काकू. पश्चिमेला निघते. कोणाला तरी कोच लागतच असेल."

यंदा मोंटानातल्या एका कॉलेजने तिला संघ दिला. मिहिका एव्हाना डेट्रॉइटमध्ये चांगल्या नोकरीत रुळली होती. कोचचा फोन आला. "असिस्टंट हवीय. गाव एवढंसं, थंडी भयंकर, टीम त्याहून भयंकर." मिहिकाने त्याच दिवशी राजीनामा दिला.

आमच्या ह्यांचं सारं आयुष्य गाड्यांच्या ब्रेकवर काम करण्यात गेलं. मिहिका निघायच्या सकाळी त्यांनी विचारलं, "पण बाळा, यात पुढची खात्री काय?"

"काहीच नाही, बाबा," असं म्हणून तिने शेवटची बॅग उचलली.

ते बाहेर गेले आणि वाकून तिच्या गाडीच्या चाकांतली हवा तपासू लागले.