अकरा वाजता, पांगारा

"अकरा वाजता, पांगारा. हालचाल!" असं म्हणून सुभेदार नुसती हनुवटी उचलायचे. बोट दाखवलं की पाखरू उडतं, हा त्यांचा पक्का सिद्धांत. आमच्या पठारावरची पवनचक्की म्हणजे बारा. तिच्यापासून डावी-उजवीकडं घड्याळ आपलं आपण लावून घ्यायचं. फौजेत जन्मभर शत्रूचं ठिकाण असंच सांगितलेला माणूस. निवृत्त झाल्यावर शत्रू उरला नाही, तेव्हा पाखरांच्या मागं लागला.

मी खालच्या गावच्या हायस्कुलात मास्तर. दुर्बीण माझी, हुकूम त्यांचा. माघातल्या सकाळी पठारावर असा वारा सुटतो, की कान जागेवर आहेत का ते कानटोपीवरून चाचपावं लागतं. "सुभेदार, थंडी लय हाय," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "रिकाम्या माणसाला वाजती थंडी. कामात ऱ्हावा, मास्तर."

काम म्हणजे भोरड्या. ज्वारी निघाली की या गुलाबी पाठीच्या साळुंख्या परतीला लागतात आणि जाता जाता कड्यावरच्या फुललेल्या पांगाऱ्यावर उतरतात. त्यांचा पहिला थवा वहीत टिपायचा. अट एकच, दोघांनी बघितलं तरच लिहायचं. एकदा ते काटक्या आणायला गेले असताना थवा मला एकट्याला दिसला. मी वही उघडली, तर ती त्यांनी काढून घेऊन जर्किनमध्ये कोंबली. "एकट्याची खबर म्हंजी अफवा!" खोटं कशाला सांगू, मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नव्हतो.

पुढं त्यांना दिसेनासं झालं. विचारलं की म्हणायचे, "धुकं हाय." लख्ख ऊन, आणि म्हणे धुकं! एकदा थर्मासमधला चहा ओतताना धार कपाबाहेर गेली. काचबिंदू आहे, गेलेली नजर आता परत येत नाही, हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. स्वतः त्यांनी चकार शब्द काढला नाही.

आणि मग ती सकाळ. "अकरा वाजता, पांगारा. भोरड्या. पन्नासभर!"

मी दुर्बीण लावली. पांगारा लालभडक फुललेला, आणि त्यावर साधी चिमणीसुद्धा नाही. आता या माणसाला सांगायचं काय, तुम्हीच सांगा! मी म्हणालो, "व्हय सुभेदार. दिसल्या."

"किती?"

"पन्नासभर."

"लिवा मग."

मी पेन काढलं, तसा त्यांनी माझा हात धरला. "मास्तर, त्या झाडावर कायबी न्हाई. एवढ्या भोरड्या असत्या तर माझं कान किटलं असतं. तुमी काय सांगताय, तेच बघायचं हुतं मला."

मी पेनाला टोपण लावलं.

"डोळं चालल्यात माझं. हितनं फुडं मला तुमच्या डोळ्यांनी बघायचं हाय. तुमीच खोटं सांगाया लागला, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

पोरांना रोज 'खरं बोला' म्हणून दटावणारा मी मास्तर! मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी सांगू लागलो, "अकरा वाजता, पांगारा. कायबी न्हाई." त्यावर ते खूश होऊन पाठीवर थाप मारायचे. "शाबास!" फुलं झडेपर्यंत रोज कायबी न्हाई, आणि रोज शाबास. त्या वर्षीचं पान कोरं राहिलं, आणि त्या कोऱ्या पानाचा सुभेदारांना कोण अभिमान!

आता ते शिरवळला मुलाकडं असतात, तिसऱ्या मजल्यावर. डोळ्यांपुढं पूर्ण अंधार. पठारावर मी एकटाच जातो. पवनचक्कीखाली मोबाइलला रेंज येते, तिथून रोज सकाळी रिपोर्ट द्यायचा, असा हुकूम आहे.

परवा पांगारा एकाएकी गुलाबी-काळा झाला. काय तो कलकलाट! मी गडबडीनं फोन लावला. "सुभेदार! अकरा वाजता, पांगारा—"

"थांबा, मास्तर, थांबा. गॅलरीतला नळ म्हंजी बारा." चपला फरशीवर घासल्या, कठड्यावर हात आपटल्याचा आवाज आला. "हां, केलं तोंड तिकडं. आता बोला. किती?"

मी दोनदा मोजलं. "सत्तरच्या आसपास."



"दिसल्या मला," सुभेदार म्हणाले. "लिवा."