येळवशीचं आवतण

आपलं काम वडलांना समजावून सांगणं प्रियंकाला बरेच दिवस जमलं नव्हतं. बिरप्पा सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखतात. "दुकानांची गोष्ट लोकांपर्यंत पोचवते," असं तिनं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजी दवंडी पिटतीस की!"

"व्हय आबा. फकस्त डफडं न्हाय, मोबाइल हाय."

सोलापुरात शुक्रवार पेठेत एका पिठाच्या गिरणीवर तिची खोली आहे. तिथून ती एका साडीच्या दुकानाचं, एका दातांच्या डॉक्टरांचं आणि गुरम्मांच्या कडक भाकरीचं इन्स्टाग्राम सांभाळते. नवं काम घेतलं की आधी ती दिवसभर दुकानात नुसती बसते. गिऱ्हाईक पहिल्यांदा कशाला हात लावतं, भाव ऐकून कुणाकडे बघतं, हे पाहते. कॅमेरा नंतर. गुरम्मांच्या दारात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की लोक भाकरीचा तुकडा मोडून बघतात आणि कटकन आवाज आला की हसतात. तिनं व्हिडिओत नुसता तो आवाज ठेवला. पुण्या-बंगळुरातल्या सोलापूरकरांनी भाकऱ्या मागवायला सुरुवात केली.

मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे येळवस जवळ आली. त्या दिवशी या भागात सगळे रानात जेवतात आणि पानात भज्जी, म्हणजे डाळी, शेंगा नि पालेभाज्यांची एकत्र शिजवलेली भाजी, असते. प्रियंका म्हणाली, "अव्वा, सणाचे दोन शब्द बोला."

गुरम्मांनी पदर नीट केला आणि दारात आलेल्या पाहुण्याला सांगावं तसं सांगितलं, "समद्यांनी आमच्या होटगीच्या रानात जेवायला या. आला न्हाईत तर मला राग येतो बघा."

येळवशीला प्रत्येक घर असंच बोलावतं. प्रियंकानं व्हिडिओ टाकला आणि ती झोपली.

सकाळी फोन भरून गेला होता. सायकलवाल्यांचा एक गट येणार होता, वसतिगृहातल्या मुली येणार होत्या, जुळे सोलापुरातली एक अख्खी सोसायटी टेम्पो करून येणार होती. गुरम्मांचा मुलगा शिवपुत्र संतापला. "काढून टाक आधी तो व्हिडिओ! आपण भज्जी घरच्यापुरती करतोय. लोक उपाशी परतले तर भाकरीच्या पुड्यावर आईचं नाव छापायची सोय राहणार नाही."

तो खरं बोलत होता. व्हिडिओ काढून टाकला तर बढाई मारून पळाले म्हणतील, ठेवला तर उपाशी ठेवलं म्हणतील. प्रियंकाचं बोट स्क्रीनवर थांबलं.

"अय्यो," गुरम्मा म्हणाल्या, "बोलावल्यालं माणूस येऊ नको म्हणू? माझं तोंड हाय का नळ, बंद करायला?"

प्रियंकानं वडलांना फोन लावला. "आबा, मेंढरं लई आणि पाणी थोडं आसलं, तर काय करता?"

"एका डबक्यावर सोडत न्हाय. म्होरं हुबा ऱ्हातो आन् फाट्याफाट्यानं वळवतो. मागनं हाकलली की तुडवातुडव."

त्या दुपारी ती आणि गुरम्मा होटगीच्या बांधाबांधानं फिरल्या. "तुमच्या कोपीत चार पानं जादा बसतील का?" सणासाठी कडब्याच्या कोपी, म्हणजे खोपट्या, उभारण्यात गुंतलेली माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. एक म्हातारी तर चिडलीच. "इचारायला आलीस व्हय? येळवशीला परका कोन आसतो?"

परतताना दुसरा व्हिडिओ झाला. गुरम्मा म्हणाल्या, "आमचं रान म्हंजे सगळं शिवार. रस्त्याच्या वळणावर ही पोरगी हुबी आसंल. ती सांगंल तिकडं जा."

दुसऱ्या दिवशी, सणाच्या सकाळी प्रियंका वळणावरच्या बाभळीखाली ओढणी डोक्याला गुंडाळून उभी राहिली. सायकलवाले विहिरीकडच्या रानात गेले, मुली ओढ्यापलीकडे. टेम्पो उभा राहताच तिनं सोसायटीचे तीन भाग केले. हरभऱ्याच्या हिरवळीतून माणसं रांगेनं लांब लांब जात राहिली. वाऱ्यावर भज्जीचा वास होता. अनोळखी माणसं मांडीला मांडी लावून बसली होती आणि शिवपुत्र आंबिलीचं मडकं घेऊन या बांधावरून त्या बांधावर पळत होता. कालचा राग त्याच्या तोंडावर कुठंच नव्हता.

दुपारी मात्र तक्रार आलीच. कालची म्हातारी तरातरा वळणावर आली. "आमच्याकडं तीनच माणसं? ओढ्यापल्याड गाडीभर धाडलीस. आमची भज्जी काय खारट हाय?"

प्रियंकानं हात जोडले. "आज्जी, चौथी मी."

म्हातारीनं तिला दंडाला धरून नेलं. पहिला घास घेते तोच फोन वाजला. डावा हात पुढं करून तिनं तो कसाबसा कानाला लावला.

"तुझी मेंढरं किती हरवली गं?" बिरप्पांनी विचारलं.

"एकबी न्हाय, आबा," भरल्या तोंडानं ती म्हणाली. "उलट कमी पडली."