आईची फरशी

नाशिककरांची एक जुनी फुशारकी होती, आमच्याकडे उन्हाळ्यात पंखा लागत नाही. आता एप्रिल सरायच्या आत सगळ्यांच्या तोंडाला फेस येतो आणि ती फुशारकी कुणी मारत नाही. आईने मात्र पंख्याशिवायचे उन्हाळे खरोखर काढले होते आणि त्याचं तिचं एक शास्त्र होतं. ऊन वर चढायच्या आत स्वयंपाक उरकायचा. खिडक्या लावून त्यांवर ओल्या चादरी टाकायच्या. माठात वाळ्याची जुडी. मग स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर अर्धी बादली पाणी शिंपडायचं, फरशीनं थोडं प्यायलं की उरलेलं फडक्यानं टिपायचं आणि हाताची उशी करून तिथेच आडवं व्हायचं. लहानपणी मीही तिच्या शेजारी पडायचे. अंगाखालची फरशी तापली की बाजूच्या फरशीवर सरकायचं. उठल्यावर गालावर फरशीच्या खडबडीचे वण असायचे आणि आई ते बोटाने चोळून घालवायची.

ती फरशी मी मागच्या दिवाळीआधी उखडून काढली.

घर आता मीच चालवते. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. नोकरीत बरी स्थिरावले, घर जरा बघण्यासारखं करावं असं डोक्यात घेतलं आणि मी एकदा डोक्यात घेतलं की कुणाचं ऐकत नाही. आई एवढंच म्हणाली होती, "स्वयंपाकघरातली राहू दे ना." मी म्हटलं, "आई, काळीकुट्ट झालीय ती. लोक हसतील." कोण लोक, देव जाणे. आमच्याकडे येतंच कोण?

काढलेल्या फरश्या दारात रचल्या होत्या तेव्हा मागच्या घरातल्या चाची आल्या. चाचांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे, आमचा शेजार माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. "बेटा, फेकनार असशील तर मला दे. मागच्या पडवीत नुसती माती हाय." मी मोठ्या मनाने म्हणाले, "न्या की चाची, बरं झालं, कचरा गेला." आई शेजारी उभी होती.

नव्या टाइल्स पांढऱ्याशुभ्र, तोंड दिसेल अशा. त्यांच्यावर पाण्याचा थेंब वाळला तरी डाग दिसतो. पहिल्याच गरम दुपारी आईने सवयीने पाणी शिंपडलं, तेव्हा मी केवढ्यांदा ओरडले. "अगं, घसरशील! आणि डाग पडतात ते वेगळंच." माझ्या खोलीत एसी बसवलाय, तिथे झोप, असं वर सांगितलं. ती एक दुपार झोपली, गुडघे धरून उठली आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही.

यंदाच्या मेमध्ये उष्णतेची लाट आली. दुपारी ऑफिसातून फोन करावा तर आई उचलेना. संध्याकाळी विचारलं की म्हणायची, "चाचीकडे होते. गहू निवडत होतो." दुसऱ्या दिवशीही गहू, तिसऱ्या दिवशीही गहू. मला राग यायला लागला. घरात एसी असताना ही भर उन्हात शेजारी जाऊन बसते म्हणजे काय? माझ्याच कागाळ्या करत असणार, अशी माझी खात्री झाली. मन किती खालच्या पातळीला जातं, हे आता लिहिताना कळतंय.

एका दुपारी डोकं फार दुखायला लागलं म्हणून मी लवकर घरी आले. दाराला कुलूप. सरळ चाचींच्या मागच्या दाराने आत गेले, भांडायच्या तयारीनेच.

पडवीवर शेवग्याची सावली होती. ओल्या फरशीवर दोघी आडव्या पडल्या होत्या, चाची भिंतीकडे आणि आई अलीकडे. आईचा गाल फरशीला टेकलेला होता. गव्हाचा एक दाणासुद्धा कुठे नव्हता. तिच्या डोक्याशी फरशीचा तुटका कोपरा दिसला. तो कोपरा मीच तोडलेला, लहानपणी हातातून बत्ता सुटला तेव्हा.

आई दचकून उठली. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला तिचा. पदर सारखा करत म्हणाली, "येतच होते गं. जरा डोळा लागला."

"गहू निवडते म्हणून का सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं. एवढ्या हौसेनं केलीस फरशी."

मला रडू आलं आणि रडू आलं की मी उगाच जास्त बोलते. चाचींना म्हणाले, "चाची, मी तुम्हाला नवीन टाइल्स बसवून देते. या आम्हाला परत द्या."

"घेऊन जा ना बेटा, तुमच्याच हायेत," चाची लगेच म्हणाल्या. त्यांनी उठून बसायलाही सुरुवात केली, जणू मी आत्ताच उचलणार होते.

आई मात्र कडाडली. "दिलेलं परत मागतेस? मग त्यांनी कुठे पडायचं दुपारचं?"

चाचींनी भिंतीकडे सरकून जागा केली, पण मला तिथे पडायचं धाडस झालं नाही. एकटीच घरी आले.

रविवारी आई नेहमीसारखी निघायच्या बेतात होती. मी तिला थांबवलं. खिडक्या लावल्या, चादरी भिजवून टाकल्या, सगळं तिच्या पद्धतीने. मग अर्धी बादली घेऊन स्वयंपाकघरात पाणी शिंपडलं. टाइल्सनी ते प्यायलं नाही. पाणी जिथल्या तिथे चकाकत राहिलं आणि मी बादली घेऊन त्याच्या मधोमध उभी.

आईने क्षणभर पाहिलं. मग फडकं आणलं, गुडघे दुखत असताना खाली बसली आणि माझ्या पायांभोवतीचं पाणी टिपायला लागली.

"हलू नकोस," ती म्हणाली. "घसरशील."