रिकामे घर आणि चिवड्याचा डबा

जन्मभर इतरांचे अर्ज लिहिल्यामुळे जमिनीची पारख मला उपजतच आहे. सबब, जपानमधील निशी-कसाई या शहरी वस्तीतील मुलाचा फ्लॅट सोडून शेती करण्याच्या हेतूने, डोंगरातील एक रिकामे घर पाहण्यास मी सपत्नीक गेलो. पत्नीचा विरोध कायम होता.

मी विहिरीची दिशा तपासत असताना शेजारच्या जपानी आजींनी हिला वाडगाभर मुळ्याचे लोणचे दिले. वाडगा रिकामा कसा परत करावा, म्हणून हिने त्यात लाडू घातले. परतभेट देणे आजींच्याही रीतीत अनिवार्य असल्याने त्यांनी वांगी आणली. हिने चिवड्याचा डबाच दिला. शेवटची बस येईपर्यंत हेच चालले आणि घराचे कुलूप काही उघडले गेले नाही.

“पाहणी अपूर्ण राहिली,” मी म्हणालो.

“राहू द्या हो. माझा डबा त्यांच्याकडे आहे, आणि तो काही रिकामा येत नाही. घर घेऊन टाका.”