यांच्या वाटचं बोलणं

आमच्या यांना पक्षाघाताचा झटका आला त्याला आता वर्ष होईल. उजवा हात-पाय हळूहळू हलू लागला, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं, शब्द ओठांवर येता येता हरवायचा. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणाले. एकच शब्द शाबूत राहिला, ‘च्यायला’. पाणी हवं, च्यायला. नातीचा फोन आला, आनंदाने च्यायला. असे सवयीचे उद्गार आपोआप येतात, त्यात यांचा काही दोष नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. मला समजलं, पटलं नाही. गेली अठरा वर्षं कोपरखैरण्याच्या आमच्या घरी दर गुरुवारी दत्ताची आरती होते. सोसायटीतल्या दहा बायका येतात, पोथी मी वाचते. माझा आवाज खणखणीत आहे असं लोक सांगतात आणि मला ते ऐकायला आवडतं. अशा घरात देवासमोर शिवी? म्हणून गुरुवारी हे आतल्या खोलीत असायचे. कुणी विचारलं तर मी सांगायचे, “औषधाने झोपलेत.” आणि मंडळी गेली की देव्हाऱ्यापुढे बसून रडायचे, यांना वाचा द्या महाराज. चार महिने असे गेले. तिथे कुणी ऐकणारं आहे का, असंही मनात येऊ लागलं होतं.

तेव्हा वाशीच्या एका उपचार केंद्रात जायला लागलो. यांच्या डोळ्यांवर तिथल्या स्पीच थेरपिस्ट मॅडम व्हीआरचा जाडजूड चष्मा बसवायच्या. तो लावला की आपण खरोखर बाजारात उभे आहोत असं वाटतं. समोरचा माणूस काही विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. हसत नाही, कंटाळत नाही. बाजूच्या पडद्यावर ते आम्हालाही दिसायचं. मला तो पोरखेळ वाटला. देवाला साधलं नाही ते हे डबडं साधणार होय? पण मॅडम म्हणजे लहानशी मुलगी, मनापासून करते, तिचं मन कशाला मोडायचं म्हणून गप्प बसले. म्हणजे तेवढ्यापुरती.

त्या दिवशी चहाची टपरी होती. पडद्यावरचा चहावाला म्हणाला, “काय देऊ साहेब?” यांचे ओठ हलले. “च... च...” पुढे काय बाहेर पडणार याची मला धास्ती. मी घाईघाईने म्हणाले, “चहा! बिनसाखरेचा!”

“काकू, त्यांना बोलू द्या,” मॅडम म्हणाल्या.

चहावाल्याने किती, असं विचारलं, मी “एक” म्हणून मोकळी. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं तेवढ्यात हे, डोळ्यांवर चष्मा तसाच, माझ्या आवाजाच्या दिशेने वळले आणि स्पष्ट म्हणाले, “गप.”

इतक्या महिन्यांतला पहिला नवा शब्द! मॅडम टाळ्या वाजवत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाहेरच्या बाकावर येऊन रडू लागले. शेजारी नऊवारी नेसलेली एक बाई होती. जवळच्याच शिरवणे गावची, भावाला उपचाराला आणलेली.

“बाय, रडतंस कशाला? बोलला ना तो?”

“मला गप म्हणाले.”

ती हसली. “मंग रव ना गप. माझा भाव पन माझ्यावर वरडला, तवा बोलाया लागला. त्याच्या वाटचा आपनच बोलतो. मंग देवानं दिलेला सबूद त्यानं वापरायचा कवा?”

तेवढ्यात तिच्या भावाचं नाव पुकारलं आणि ती उठली. पुन्हा कधी दिसली नाही. मी नावही विचारलं नाही. कुणाला काय वाटायचं ते वाटो, मला तिला महाराजांनीच पाठवल्यासारखं वाटतं. मी आत गेले आणि पदराचं टोक मुठीत धरून बसले. बऱ्याच वेळाने हे चहावाल्याला म्हणाले, “चा.”

घरी आल्यावर मी यांना विचारलं, “माझ्यावर रागावलात?” आणि थांबले. खाली भाजीवाला ओरडून गेला, कुकरची शिट्टी झाली. मी उठले नाही. यांचा चेहरा लाल झाला. मग म्हणाले, “क... कडी.”

इथवर जे लिहायचं टाळलं ते आता लिहिते. गुरुवारी मी त्या खोलीला बाहेरून कडी लावायचे. एकदा आरती चालू असताना आतून दार वाजलं, तेव्हा मी घंटा आणखी जोरात वाजवली. आरतीनंतर कडी काढली तर यांचा पायजमा ओला होता. मी न बोलता तो बदलला आणि बायकांना प्रसाद वाटायला गेले. वाचा द्या म्हणून रोज मागायचे, आणि हा माणूस दार वाजवून बोलत होता ते मी ऐकलं नाही.

पुढच्या गुरुवारी यांना खुर्चीत देव्हाऱ्यासमोर बसवलं. पोथी उघडण्याआधी मी सगळ्यांना सांगितलं, “हे झोपलेले नसायचे. मी कडी लावायचे.” शेजारच्या वहिनींनी मान खाली घातली. धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. तेवढ्यात हे मोठ्याने म्हणाले, “च्यायला!” आणि डाव्या हाताने मला जवळ बोलावलं.

वहिनी म्हणाल्या, “काका, आरती सुरू करू ना?”

सवयीने सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटून यांच्या पायाशी बसले होते. दहाही जणी थांबल्या. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, “करा.” मग आम्ही उभ्या राहिलो.

महाराजांचे हे उपकार फिटायचे नाहीत. देव्हाऱ्यापुढे आता मी मागणं मांडत नाही, हात जोडून बसते. द्यायचं ते त्याच्या वेळेने तो देतो, आपण मध्ये बोलू नये, एवढं साठीत कळलं. लाज मात्र गेलेली नाही. ती राहू दे, असंच म्हणते.