आमची गोलकीपर स्मशानात भेटली

मंगळवारी एस्थरच्या अंत्यविधीला गेले होते. आज शुक्रवार... पण मी अजून त्या धक्क्यातून पुरती बाहेर आलेली नाही.

एस्थर म्हणजे नॉर्थ यॉर्कमधल्या आमच्या कॉन्डोतली शेजारीण. ऐंशी पार केलेली, एकटी. आम्ही नागपूरहून नवीन आलो तेव्हा स्नो बूट कसे निवडायचे हे तिनेच मला दुकानात नेऊन शिकवलं. माझी लेक शाळेतून आली की मी ऑफिसमधून येईपर्यंत तिच्याकडेच बसायची. रविवारी ती झोपेतच गेली.

ज्यू लोकांमध्ये अंत्यविधीला उशीर करत नाहीत. सेमेटरीत माणसं मोजकीच... विनिपेगहून आलेला पुतण्या, आमच्या बिल्डिंगमधले चार-पाच जण, मी आणि नवरा. थंडी अशी की पापण्यासुद्धा गोठत होत्या.

काळा लांब कोट, डोक्यावर छोटी गोल टोपी अशी एक बाई पुढे आली आणि तिने प्रार्थना सुरू केली. आवाज ऐकला आणि मी दचकले. हा आवाज तर माझ्या ओळखीचा!

ती नाओमी होती. आमची गोलकीपर!

चाळिशीनंतर मी स्केटिंग शिकले आणि बायकांच्या बिगिनर्स आइस हॉकी टीममध्ये गेले, हे तुम्हाला माहीतच आहे. तिथे नाओमी गोलमध्ये उभी राहून "शिल्पा, मूव्ह युअर फीट!" असं आख्ख्या रिंकला ऐकू जाईल असं ओरडते. पकची रबरी चकती अंगाला लागली की अशा काही शिव्या घालते की आम्ही हसून आडव्या. घरी घातलेलं काकडीचं लोणचं लॉकर रूममध्ये सगळ्यांना वाटते. जुन्या मोटरसायकली विकत घेऊन गॅरेजमध्ये स्वतः खोलून बसते.

काय काम करतेस, असं एकदा विचारलं होतं. "लोकांचं ऐकून घेते, मग थोडं बोलते," म्हणाली. मी समजले, काउन्सेलर असेल... शनिवारच्या मॅचला ती कधीच का नसते, हाही विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

तर ती रॅबाय निघाली. म्हणजे ज्यूंची धर्मगुरू; शनिवार हा त्यांचा पाळायचा दिवस. परवाच्या रविवारी प्रॅक्टिस चालू असताना फोन आला आणि ती पॅड्स ओढून काढत पळाली होती... तो फोन एस्थर गेल्याचा होता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. नवऱ्याने कोपर मारलं, "अगं, तोंड मिट."

तिनेही मला पाहिलं. मग म्हणाली, "एस्थरला मूल नव्हतं. पण रोज दुपारी एक छोटी मुलगी तिची बेल वाजवायची. त्या बेलसाठी मी केस विंचरते, असं ती मला सांगायची." मला हुंदका आवरेना.

पेटी खाली उतरवली. नाओमीने फावडं उलटं धरून पहिली माती टाकली. उलटं, कारण हे काम भराभर उरकायचं नसतं. मग फावडं कोणाच्या हातात न देता मातीत रोवून ठेवलं... आपलं दुःख दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही म्हणून. पुतण्या पुढे झाला, मग बाकीचे. मी सवयीने मागे सरकले होते.

बाबा गेले तेव्हा मी वेळेत नागपूरला पोचले होते. पण तिरडी निघाली आणि काका फाटकातच म्हणाले, "बायका घाटावर येत नसतात, बाई." मी तिथूनच पाहत राहिले.

नाओमी माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "तू तिची होतीस. करावंसं वाटलं तरच कर."

माझे पाय हलेनात. नवऱ्याने माझी पर्स स्वतःकडे घेतली. मी गेले... फावडं उपसलं. गोठलेलं ढेकूळ लाकडावर आपटलं, तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. मी ओक्साबोक्शी रडले. एस्थरसाठी... आणि बाबांसाठीही. नाओमी शेजारी नुसती उभी होती.

बाहेर पडताना हात धुवायला तांब्यासारखं भांडं ठेवलं होतं. हे तर अगदी आपल्यासारखंच!

घरी येऊन आईला फोन लावला. रागावेल असं वाटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जड होतं का गं फावडं?"

"हो."

"मग बाबांनाही पोचलं असेल."

नाओमीला मराठी येत नाही. तिला मी नुसतं 'थँक यू' पाठवलंय... बाकीचं सगळं तिच्यासाठी इथे लिहून ठेवतेय.