झनकलालकाकांनी पैसे घेतले

मी पुण्याला निघाले त्या सकाळी गोंदिया स्टेशनवर मला पोचवायला तिघं आले होते. माय, बाबूजी आणि झनकलालकाका कूलरवाले. मायच्या हातात तांदळाची पिशवी, बाबूजींच्या हातात लाखोळीची डाळ आणि काकांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. गाडी सुटायला दोन मिनिटं असताना त्यांनी ते दारातून माझ्या हातात कोंबलं. तो लाकडी एक्स्टेन्शन बोर्ड होता, त्यांनी स्वतः बनवलेला. सहा प्लग, सहा बटणं, एक लाल दिवा, दहा मीटर वायर आणि वजन पाट्याएवढं. "तिकडं खोलीत एकच पिन राहते म्हणते," काका म्हणाले. "अन् बिघडला तर कोण्या शायन्याले हात लावू देऊ नको. मायाकडं आणजो." माय रडत होती, बाबूजी सिग्नलकडे बघत होते आणि मी मांडीवर बोर्ड घेऊन बसले होते. नोकरीसाठी घर सोडण्याचं चित्र मी मनात जरा वेगळं रंगवलं होतं.

हे मी आमच्या गावात, गोंदियाजवळच्या मुर्रीत, राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारखे जे पुण्याला, हैदराबादला, रायपूरला गेले त्यांच्यासाठीही. राहिलेल्यांना ही गोष्ट अर्धीच ठाऊक आहे, आणि त्या अर्ध्यात सगळा दोष माझा आहे. पूर्ण गोष्टीतही तो माझाच आहे, पण निदान नीट कळू द्या.

आमचं घर काकांच्या दुकानामागे. गल्लीला नाव नाही. घराला नंबर आहे म्हणतात, पण तो ग्रामपंचायतीशिवाय कुणी पाहिलेला नाही. त्यामुळे शाळेच्या दाखल्यापासून बँकेच्या पासबुकापर्यंत आमचा पत्ता एकच, झनकलाल कूलरवाल्यांच्या मागे, मुर्री. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे पत्र्याचे कूलर, मागे उघडे पडलेले पंखे आणि मोटारी, आणि मध्ये काका, कायम कुणावर तरी खेकसत. होळी झाली की ते स्वतःहून आमच्याकडे यायचे, कूलरच्या गवताच्या ताट्या बदलायचे, पाण्याचा पंप तपासायचे आणि गेल्या वर्षी कूलर पुसून ठेवला नाही म्हणून आम्हा सगळ्यांना झापायचे. मग चहा व्हायचा. चहा संपला की बाबूजी खिशाला हात लावून विचारायचे, "किती झाले?" आणि काका म्हणायचे, "जास्त नको बोलू गा." ज्याने कूलर त्यांच्याकडून घेतला त्याच्या घरची मजुरी त्यांनी कधी घेतली नाही, असा त्यांचा नेम होता. दिवाळीत बाबूजी नव्या धानाचा तांदूळ त्यांच्या घरी पोचवायचे, तेव्हा काका विचारायचे, "किती झाले?" आणि बाबूजी म्हणायचे, "जास्त नको बोलू." तीस वर्षं ही दोन माणसं एकमेकांना हेच विचारत आली आणि दोघांनाही कधी उत्तर मिळालं नाही.

पुण्यात मात्र मला सगळ्याची उत्तरं मिळाली. कोथिंबिरीची जुडी कुठल्या ॲपवर किती, प्रेशर कुकर सेलमध्ये कितीला पडतो, कूपन कधी संपतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. दोन रुपयांसाठी मी दूधवाला बदलला आहे, आणि बदलल्याचा अभिमान बाळगला आहे. इथे माझा कुणी दुकानदार नाही. आज हा स्वस्त तर हा, उद्या तो. कुणी मला झापत नाही. सगळे 'थँक यू मॅम' म्हणतात आणि पाच तारे मागतात. मला हे फार आवडलं होतं, खोटं कशाला सांगू.

मग गेल्या मे महिन्यात मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं, थंड जागेत राहा, डोळ्यात घाम जाऊ देऊ नका. आता गोंदियाचा मे महिना आणि घाम येऊ द्यायचा नाही! त्यात आमच्या जुन्या कूलरचा तळ गंजून गेलेला. बाबूजी काकांकडे गेले. नवीन बनवायला आठ दिवस लागतील म्हणाले, हाताखालचा माणूस लग्नाला गेलाय. किंमत ऐकली आणि मी इकडे मोबाईल उघडला. प्लास्टिकचा, चाकांचा, रिमोटचा कूलर सोळाशे रुपयांनी स्वस्त, आणि तीन दिवसांत घरपोच. पत्त्यातून काकांचं नाव गाळलं आणि कुणालाही न विचारता बटण दाबलं. बाबूजींना कळेपर्यंत कूलर लागलेला असेल आणि माय झोपलेली असेल, असा माझा हिशेब होता. काकांना कळण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण त्यांच्या दुकानासमोरून न येता आमच्या घरी मागच्या बाजूनेही येता येतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना फोन आला. "मॅडम, घर नहीं मिल रहा. आसपास कोई दुकान है क्या?" डिलिव्हरीवाला थकलेला वाटत होता. लहानपणापासून आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला जे सांगितलं तेच माझ्या तोंडून निघालं, "अरे भैया, झनकलाल कूलरवाले से पूछ लो ना, कोई भी बता देगा." फोन ठेवला आणि मगच मला कळलं की मी काय बोलले. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, बरं वाटत नाही का?

पाच मिनिटांनी त्याच नंबरवरून पुन्हा फोन. या वेळी आवाज ओळखीचा होता. "पोरी, मी झनकलाल. खोका आला तुयावाला. हा भाऊ ओटीपी मागून राहिला. सांग." मी चार आकडे सांगितले. आयुष्यात परीक्षेचा निकाल सांगतानाही मी इतक्या बारीक आवाजात बोलले नसेन. काका म्हणाले, "बरं. पोचवतो." एवढंच. ना खेकसले, ना झापलं. तिथेच मला कळायला हवं होतं.

पुढचं मायकडून कळलं. त्या खोक्याच्या चारही बाजूंना कूलरचा भला मोठा फोटो छापलेला होता. तो खोका हातगाडीवर ठेवून मुर्रीचे कूलरवाले भर गल्लीतून आमच्या घरी आले, आणि अख्ख्या गल्लीने ते पाहिलं. त्यांनी चाकं बसवली, पाणी भरलं, कूलर चालू करून दिला, आमच्या डुगडुगणाऱ्या प्लगची पिनही घट्ट केली. चहा घेतला. चहा संपल्यावर बाबूजींनी सवयीने खिशाला हात लावून विचारलं, "किती झाले?" काका म्हणाले, "पन्नास."

संध्याकाळी बाबूजींचा फोन आला तेव्हा आवाजावरून मला वाटलं कुणीतरी गेलं. "झनकलालनं पैसे घेतले," ते म्हणाले.

"किती?"

"पन्नास."

"मग?"

"मग काय मग? घेतले नं!"

मी म्हटलं, पन्नास धरले तरी आपले दीड हजाराच्या वर वाचलेच की. बाबूजींनी फोन ठेवून दिला, आणि त्यांचं बरोबरच होतं.

कूलर चांगला निघाला, हीच खरी पंचाईत. बिघडला असता तर आम्हाला हात जोडून काकांकडे जाता आलं असतं. पण तो मेला कुरकुरतही नव्हता. माय डोळ्याला हिरवी पट्टी बांधून त्याच्यासमोर ढाराढूर झोपायची. बाबूजी मात्र निषेध म्हणून त्या खोलीत पाऊल टाकेनात. पंचेचाळीस डिग्रीत ते ओसरीत ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसायचे. "ते तपून राहिले अन् मी मस्त झोपून राहिली," माय फोनवर सांगायची, आणि तिला त्याचं फारसं दुःख झालेलं दिसत नव्हतं. काका रस्त्यात भेटले तर रामराम करत. पण आमच्याकडे जवळच्या माणसाला बोलताना शेवटी 'गा' लावतात, ते बाबूजींना लावणं त्यांनी सोडलं होतं.

दिवाळीला मी घरी गेले तेव्हा ओसरीत नव्या तांदळाची पिशवी तोंड बांधून ठेवलेली होती. चार दिवसांपासून तिथेच आहे, माय म्हणाली. "कोणत्या तोंडानं नेऊ?" बाबूजी म्हणाले. "त्यानं विचारलं किती झाले अन् मी सांगलं जास्त नको बोलू, अन् त्यानं पैसे हातात ठेवले, तर?" ते पिशवीकडे बघत होते. तीस वर्षांत मी बाबूजींना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं, आणि तेही माझ्यामुळे. मला फार वाईट वाटलं.

मग मी पुण्यात शिकले ते केलं, म्हणजे खरेदी. पहिल्या दिवशी काकांकडून दोन बल्ब घेतले. "या मॅडम," काका म्हणाले. "काय पाहिजे तुम्हाले?" दुसऱ्या दिवशी टेस्टर घेतला. काकांनी पक्कं बिल दिलं आणि वर दहा रुपये कमी केले. "ऑनलाइनच्या भावात लावून राहिलो," म्हणाले. तिसऱ्या वेळी मी दारावरची बेल घेऊन आले. आमचं दार दिवसभर उघडंच असतं. माय बेलकडे बघून म्हणाली, "तो माणूस दुरुस्तीवाला. तू त्याच्याकडं गिऱ्हाईक बनून कायले जाऊन राहिली?"

माझ्या बॅगेत तो लाकडी बोर्ड होता. आठ वर्षं चालून तो पुण्यात बंद पडला होता. तिथल्या इलेक्ट्रिशियनने तो उघडून वायरी इकडच्या तिकडे केल्या आणि म्हणाला, फेकून द्या, नवीन दोनशेला मिळतो. मी नवीन मागवलाही होता. जुना फेकवला नाही म्हणून माळ्यावर टाकायला घरी आणला होता. तो घेऊन मी दुकानात गेले आणि टेबलावर ठेवला.

काकांनी तो उलटा केला. चष्मा लावला, स्क्रू काढले, आत पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे कोणं केलं?"

"पुण्यात एका इलेक्ट्रिशियननं."

"अन् तू पाहत उभी राहिली? काऊन? मी ठेसनावर काय सांगतलं होतं तुले? लाल वायर काळीले जोडली त्या शायन्यानं! झटका बसला असता तर तुया बापाले मी काय तोंड दाखवलं असतं? डोकं आहे का खोकं?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी मान खाली घालून दहा मिनिटं ओरडा खाल्ला. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते काकांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं, वायरीमुळे. त्यांनी सगळं उचकटून पुन्हा जोडलं, प्लग बदलला, लाल दिवाही नवा घातला. लावून पाहिला, दिवा लागला.

मी पर्सला हात लावला. "किती झाले, काका?"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग दुकानाच्या मागच्या खिडकीतून आमच्या ओसरीकडे पाहिलं.

"जास्त नको बोलू वो," ते म्हणाले. "अन् बाबूजीले सांग, तो तांदूळ ओसरीत ठेवून उंदरं कायले पोसून राहिला गा?"

बाबूजींनी माझ्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. "गा म्हणला?" म्हटलं, हो, गा म्हणाले. त्यांनी पिशवी खांद्यावर टाकली आणि चपला न घालताच निघाले. दोन तास आले नाहीत.

मी सुधारले असं कुणी समजू नये. कोथिंबीर मी अजून तीन ॲपवर बघते. तो प्लास्टिकचा कूलरही चालू आहे, मार्चमध्ये त्याला 'डब्बा' म्हणत काका त्याच्या ताट्या बदलून गेले. बोर्ड माझ्या खोलीत आहे. परवा ऑफिसात एक फॉर्म भरायचा होता. सध्याचा पत्ता लिहिताना मला मोबाईल उघडावा लागला. सोसायटी, विंग, मजला, आठ वर्षांतलं हे पाचवं घर. त्याखाली कायमचा पत्ता विचारला होता. तो मी न बघता लिहिला, झनकलाल कूलरवाल्यांच्या मागे.